यथावकाश नाशिक

"चौदा वर्षं झाली, ह्यांना अजून फ्रिजवरच ठेवलंय," सासूबाई पुटपुटल्या. त्या स्वतःशीच बोलत होत्या, पण आमच्या स्वयंपाकघरात स्वतःशी बोलण्याइतकी जागा नाही. मी त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर भेंडी चिरत होते.

'हे' म्हणजे माझे सासरे, कैलासवासी शांताराम. त्यांचा फोटो फ्रिजवर भिंतीला टेकून उभा असतो. फ्रिजचं दार जरा जोरात लावलं की ते किंचित मान हलवतात. ते भिंतीवर टांगलेले नाहीत यामागे अनादर नाही, धोरण आहे.

माणसाला दोन घरं लागतात : एक राहायला आणि एक परत जायला. पहिलं नसेल तर ते भाड्यानं मिळतं. दुसऱ्याची मात्र कुठे सोय नाही. ते ज्याचं त्यानंच मनात बांधावं लागतं, आणि दर दिवाळीला रंगवावं लागतं. दिल्ली आणि तिच्या आजूबाजूला ज्या मराठी कुटुंबांना सरकारनं, फौजेनं किंवा कंपन्यांनी आणून ठेवलं आहे, त्यांच्याजवळ पहिल्या घराबद्दल तक्रारी असतात आणि दुसऱ्याबद्दल योजना. माझ्या पाहणीनुसार (नमुना : आमच्या मंडळाच्या कोजागरीला आलेली कुटुंबं, पद्धत : दूध पिता पिता ऐकणे) द्वारका ते गुरुग्राम या पट्ट्यातली शंभरापैकी एकशे चार मराठी माणसं लवकरच परत जाणार आहेत. (वरचे चार एकदा जाऊन आले आहेत. ते पुन्हा जाणार आहेत.)

आम्ही नाशिकला परत जाणार आहोत. माझा नवरा चिन्मय केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव आहे. त्याच्या भाषेत सांगायचं तर नाशिकच्या प्रस्तावाला आमच्या घरात तत्त्वतः मान्यता कधीच मिळालेली आहे, फक्त अंमलबजावणी यथावकाश व्हायची आहे. बाहेरच्या माणसाला 'यथावकाश' हा शब्द संदिग्ध वाटेल. सरकारी माणसाला तो अगदी स्पष्ट वाटतो.

प्रस्ताव मान्य असल्यामुळे घरात काही शिस्त पाळावी लागते. भिंतीत खिळा ठोकायचा नाही (जाताना बुजवावा लागेल). दोन माणसांना उचलून जिन्यानं नेता येणार नाही अशी वस्तू घ्यायची नाही. म्हणून आमच्याकडे सोफा नाही, फोल्डिंगच्या दोन खाटा आहेत, ज्यांवर बसलेला पाहुणा मध्येच बोलायचा थांबतो आणि हळूच सरकतो. टीव्ही, मिक्सर, पंखे यांचे मूळ खोके जपून ठेवायचे. टीव्ही दोनदा बदलला, पण पहिल्या टीव्हीचा खोका आहे. त्यात दुसऱ्या टीव्हीचा खोका दुमडून ठेवला आहे. सरकारी क्वार्टर मिळत होतं, ते चिन्मयनं घेतलं नाही, कारण ते घेतलं असतं तर आपण दिल्लीत राहतो असं झालं असतं. त्यापेक्षा द्वारकेत भाड्यानं राहणं तात्पुरतं म्हणून बरं, असं ठरलं. तेव्हा आमची केतकी दुसरीत होती. तिची पाचवी झाली की निघायचं होतं. मग शाळा मध्येच नको म्हणून दहावी. दहावीनंतर निघणारे लोक मूर्ख असतात असं कळलं, म्हणून बारावी. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिनं या प्रकल्पाबद्दल एकदाच एक शंका काढली. "बाबा, मी तर तिथे कधी राहिलेच नाही यार. मग मी परत कशी जाणार? मी तर फक्त जाणार ना?"

चिन्मयनं ही शंका नोंदवून घेतली. तिच्यावर पुढे कार्यवाही झाली नाही.

इथे माझ्या करिअरबद्दल थोडं सांगणं आवश्यक आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. माझं शिक्षण इतिहासात बी.ए. कॉम्प्युटरचं म्हणाल तर केतकीच्या सातवीच्या गृहपाठापासून सुरुवात झाली. तिला येईना म्हणून मी बसले. मग तिला यायला लागलं तरी मी उठले नाही. फुकटचे व्हिडिओ पाहून, चुकून-माकून, घरच्या लॅपटॉपला दोनदा मरणाच्या दारातून परत आणून मी हे काम शिकले. टेस्टरचं काम म्हणजे दुसऱ्यानं मन लावून केलेल्या कामात खोट काढणं. लग्नानंतर कित्येक वर्षं हे काम माझ्या स्वयंपाकावर होताना मी जवळून पाहिलं होतं, त्यामुळे मूलभूत कल्पना स्पष्ट होत्या. चाळिशी ओलांडल्यावर गुरुग्रामच्या एका कंपनीनं मला घेतलं. तेव्हापासून मी आठवड्यातले चार दिवस कॅबनं जाते आणि लोकांच्या चुका दाखवून त्यांच्या सदिच्छा घेऊन परत येते.

आमची कंपनी हाऊसिंग सोसायट्यांच्या गेटवर चालणारं ॲप बनवते. आत येणाऱ्या प्रत्येकाला गार्डनं विचारायचं : रहिवासी की पाहुणा? पाहुणा असेल तर कुणाकडे आणि किती वेळ? मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं, की एखादा माणूस चौदा वर्षं पाहुणाच राहिला तर ॲप काय करेल? आमची मॅनेजर रुचिता अठ्ठावीस वर्षांची आहे आणि फार समजूतदार आहे. ती म्हणाली, "उत्तरा मॅम, ये तो एज केस है. ऐसा कोई होता नहीं." म्हणजे इतका दुर्मीळ प्रकार, की त्याच्यासाठी वेळ घालवू नये. मी 'ठीक आहे' म्हटलं आणि संध्याकाळी त्या दुर्मीळ प्रकारात राहायला घरी आले.

छंदांबद्दलही सांगते, कारण गुरुग्राममध्ये छंद ऐच्छिक नाही. आमच्याकडे दर शुक्रवारी एकानं उभं राहून 'कामाबाहेरचा मी' या विषयावर बोलायचं असतं. आतापर्यंतच्या भाषणांवरून असं दिसतं की आमच्या मजल्यावरचे निम्मे लोक पहाटे उठून धावतात (मास्क लावून), पाव हिस्सा लोक खरोखर पाव भाजतात, आणि एक मुलगा आकाशातले तारे बघतो. गुरुग्राममधून तारे दिसत नाहीत, पण छंदाला दिसण्याची अट नाही. रुचिताचा छंद 'सावकाश जगणे' हा आहे, आणि त्यासाठी तिच्या कॅलेंडरात रोज पंधरा मिनिटं राखून ठेवलेली आहेत. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, "आमच्या घरी एकच छंद आहे, तो सगळे मिळून करतात. आम्ही परत जातो." टाळ्या झाल्या. त्यांना वाटलं आम्ही ट्रेकिंग करतो.

सासूबाईंना, म्हणजे इंदुमतीबाईंना, दिल्ली मानवत नाही. हे प्रस्तावाचं मूळ कारण आहे आणि ते आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं आहे की त्याला आता पुरावा लागत नाही. न मानवण्याची लक्षणं अशी : सकाळी त्या सेक्टरच्या पार्कात जातात. तिथे आहुजा आंटी, भटनागर आंटी आणि एक रिटायर्ड सुभेदार हिंदुराव यांच्याबरोबर टाळ्या वाजवण्याचा व्यायाम होतो आणि नंतर गैरहजर सदस्यांवर चर्चा होते. हिंदुराव कोल्हापूरकडचे. ते चौतीस वर्षांपूर्वी दिल्ली छावणीत आले, आणि तेही परत जाणार आहेत. परतताना सासूबाई भाजीवाल्याला "भैया, कल का मेथी एकदम कचकच था" असं सुनावतात आणि तो शरमेनं एक जुडी जास्त घालतो. दुपारी लिफ्टमधल्या भांडणांचा निवाडा त्यांच्याकडे येतो. करवा चौथला आहुजा आंटींच्या सुना त्यांच्या पाया पडून जातात, आणि त्या दिवशी सासूबाई स्वतः मात्र साबुदाण्याची खिचडी करून सगळ्यांना उपासाचा खरा अर्थ समजावून सांगतात. एवढं सगळं न मानवत असूनही त्या कधी कुरकुरत नाहीत. फोटोचं सोडून.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना आमच्या घरमालकांचा, खुरानाजींचा, फोन आला. "भाभीजी, फ्लॅट बेच रहा हूँ. पहला हक़ आपका है. महीने के आख़िर तक बता दो, नहीं तो पार्टी तैयार है."

घरात मोठीच अडचण झाली. आतापर्यंत न ठरवण्याला कुठलीही मुदत नव्हती. आता महिनाअखेरपर्यंत एक तर हे घर घ्यायचं, नाही तर खरोखर परत जायचं. तिसरा पर्याय म्हणजे दुसरं भाड्याचं घर. पण तो चिन्मयनं लगेच फेटाळला. एकदा तात्पुरतं राहणं समजू शकतो, म्हणाला. दोनदा तात्पुरतं राहणं म्हणजे मुक्काम.

त्याच आठवड्यात रुचितानं मला एका काचेच्या खोलीत बोलावलं. टेस्टिंगची अख्खी टीम मी सांभाळावी असा कंपनीचा विचार होता. अट एवढीच, की रोज गुरुग्रामला यावं लागेल. घरबसल्या, आणि नाशिकहून तर मुळीच, जमणार नाही. "आप संभालोगे ना, मॅम?" असं तिनं विचारलं. सत्तेचाळीस वर्षांत 'सांभाळाल का?' हे मला पुष्कळांनी विचारलं आहे, पण विचारणाऱ्याच्या कडेवर मूल नव्हतं, असं पहिल्यांदाच झालं. मी उत्तर दिलं, "विचाराधीन आहे." बावीस वर्षं अवर सचिवाबरोबर संसार केल्याचा हा परिणाम.

मला जायचं नव्हतं. हे इतकं सरळ वाक्य आहे, पण ते आमच्या घरात म्हणता येण्यासारखं नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला तिच्या गोदावरीपासून तोडणारी सून मला व्हायचं नव्हतं. चिन्मयला तर बिचाऱ्याला रोज जेवताना नाशिकच्या हवेबद्दल बोलायचं असतं. नोव्हेंबरात द्वारकेची हवा खिडकीतून दिसायला लागली की तो तीन-तीनदा बोलतो. त्याच्याकडून ते काढून घेतलं तर जेवताना तो काय बोलणार? मंत्रालयातलं सांगता येत नाही.

म्हणून मी मला येतं ते केलं. एखादी यंत्रणा अडकली की टेस्टर तिला शिव्या देत नाही, नेमकं कोण कुणासाठी थांबलं आहे ते एकेक करून तपासतो. मी आधी चिन्मयला गाठलं. तो घरच्या इस्त्रीवर ऑफिसचा शर्ट फिरवत होता.

"तुला मनापासून जायचंय ना नाशिकला?"

"प्रश्न माझा नाहीच, उत्तरा," तो म्हणाला. "आईचा आहे. या वयात तिला किती दिवस इथे अडकवून ठेवायचं?"

"आणि तुझा प्रश्न असता तर?"

त्यानं कॉलर उलटी करून पुन्हा दाबली. "काल्पनिक प्रश्नांवर अभिप्राय देता येत नाही."

मग सासूबाई. त्या शेंगा सोलत होत्या. "आई, तुम्हाला नाशिकची फार आठवण येते ना?"

"चिन्याचा जीव आहे गं तिकडे," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तो तसाच. त्याच्या आड कशाला यायचं? तो म्हणेल तेव्हा आपण आपल्या पिशव्या उचलायच्या."

केतकीला विचारलं, तर तिनं कानातली एक वायर काढली. "मम्मी, मला काय, आजीला आणि बाबांना जायचंय ना? मी होस्टेल बघीन. चलो, बाय."

आणि मी या तिघांसाठी थांबले होते. कॉम्प्युटरच्या शास्त्रात या स्थितीला 'डेडलॉक' म्हणतात : चारही कामं धडधाकट आहेत, एकातही बिघाड नाही, पण प्रत्येक जण दुसऱ्यानं हलावं म्हणून थांबलेला आहे. अशी यंत्रणा आपणहून कधी सुटत नाही. मशीन असेल तर एकाला जबरदस्तीनं बंद करतात. कुटुंबात ती सोय नाही.

अहवाल तयार होता, पण तो सादर कुणाला करायचा? टेस्टर म्हणून मी अगदी परक्या माणसाला भर मीटिंगमध्ये सांगू शकते की तुझं काम चुकलं आहे. घरात मात्र तेच वाक्य घशातून वर येऊन पुन्हा खाली जातं, कारण घरातली यंत्रणा बरोबर चालावी अशी कुणाची मागणीच नसते. चालावी, एवढंच.

महिना संपत आला. रविवारी सकाळी चिन्मयनं गुणवंतला, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाला, व्हिडिओ कॉल लावला. गुणवंत आणि त्याची बायको कल्पना नाशिकला गंगापूर रोडला राहतात. त्यांच्या वरचा फ्लॅट रिकामा आहे, हे ते आम्हाला कितीतरी वर्षं सांगत आहेत. मध्ये त्यात दोन कुटुंबं राहून गेली, पण आमच्यासाठी तो रिकामाच आहे. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टेबलावर उभा केला होता. आम्ही चौघं खाटेच्या कडेवर तोल सांभाळत बसलो होतो.

"काय दादा! काय म्हणतेय दिल्ली?" गुणवंत म्हणाला. "या आता. किती दिवस त्या धुरात राहणार?"

"आईंना तर इथली हवाच हवी," कल्पना म्हणाली. "वहिनी, तुम्ही तरी मनावर घ्या. आम्ही रोज आठवण काढतो. वरचा फ्लॅट आहेच."

हा संवाद आमच्याकडे दर सणाला होतो आणि त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं आहे. पुढचं वाक्य चिन्मयनं म्हणायचं असतं : "बघू, एवढं केतकीचं होऊ दे." त्यावर गुणवंत "बघा बाबा" म्हणतो आणि द्राक्षांच्या बागांकडे विषय वळतो.

पण खुरानाजींच्या मुदतीनं चिन्मय गांजला होता. सरकारी माणूस वीस वर्षं निर्णय घेत नाही, आणि मग मुदत संपता संपता एकदम सहीच करतो.

"ठरलं," तो म्हणाला. "पुढच्या पंधरा तारखेला सामान हलवतो. तू वरच्या फ्लॅटच्या मालकांना आजच सांगून टाक. केतकी होस्टेल बघेल, आणि रंगकाम होईपर्यंत आम्ही तिघं तुमच्याकडेच राहू. आईला तुमची ती पुढची खोली चालेल."

नाशिक थिजलं. गुणवंतचं तोंड अर्धवट उघडं होतं, कल्पनाचा हात केसांपाशी होता.

"हॅलो? गुणवंत? आवाज येतोय का?" चिन्मयनं बाटली हलवली. "हँग झालं वाटतं."

"बाबा, राउटर बंद करून चालू करू?" केतकी म्हणाली.

नेटवर्क व्यवस्थित होतं. त्या दोघांच्या डोक्यावरचा पंखा फिरताना मला स्वच्छ दिसत होता. पण रविवारी मी कुणाच्या चुका दाखवत नाही.

"नाही नाही, ऐकतोय की," गुणवंत शेवटी म्हणाला. "वा! छानच. बेस्ट. म्हणजे, पंधरा तारीख... फक्त काय आहे दादा, वरच्या मजल्याला पाण्याचा जरा प्रॉब्लेम असतो."

"आणि लिफ्ट," कल्पनानं आठवण दिली.

"हां, लिफ्ट. म्हणजे आहे, पण आईच्या गुडघ्यांना... आणि पुढच्या खोलीत आता आमच्या मुलीचे क्लासेस असतात."

"आणि खरं सांगू का वहिनी," कल्पना म्हणाली, "इथेही आता पूर्वीसारखी हवा राहिली नाही हं."

चिन्मय मान हलवत राहिला. "बरोबर आहे. हे सगळे मुद्दे विचारात घेऊ. पण आता आईसाठी म्हणून..."

"आईसाठी तर आम्ही कधीही..." गुणवंत म्हणाला, आणि पुन्हा पाण्याकडे वळला.

इथे वाचकांशी थोडं बोलून घेते. तुम्ही नाशिक, सातारा, पुणे, जिथे कुठे असाल तिथे खिळ्यावर नीट टांगलेल्या फोटोंखाली बसून हे वाचत असाल आणि आमच्यावर हसत असाल, तर अवश्य हसा. पण तुमचाही एखादा भाऊ, चुलतभाऊ, जुना मित्र दिल्लीत किंवा बंगळुरात किंवा त्याहून लांब असेलच. 'आता या की परत, आम्ही वाटच बघतोय' हे तुम्ही त्याला गेल्या दिवाळीला म्हणाला असाल, आणि मनापासून म्हणाला असाल. त्यानं त्याच क्षणी तारीख सांगितली असती, आणि तुमची पुढची खोली मागितली असती, तर तुमच्या डोक्यावरचा पंखा फिरताना आणखी कुणाकुणाला दिसला असता, एवढंच आठवून ठेवा.

आमच्याकडे गुणवंत पाण्याच्या टाकीचं वर्णन करत होता आणि चिन्मय ते लक्ष देऊन ऐकत होता. दोघा भावांच्या कपाळावर सारखाच घाम होता. केतकी माझ्याकडे बघत होती. मी घसरू लागलेली बाटली सरळ केली.

तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे करून फोन उचलला. त्या व्हिडिओ कॉलसुद्धा कानालाच लावतात, त्यामुळे नाशिकला त्यांचा फक्त कान आणि कुडी दिसत असणार.

"गुणवंता," त्या म्हणाल्या, "टाकी राहू दे. आम्हाला यायचं नाहीये, मला तर मुळीच नाही, आणि आम्ही यावं असं तुम्हालाही वाटत नाही. आता दोन्हीकडच्यांनी नीट टेकून बसा, आणि सकाळी काय खाल्लंत ते सांगा."